मातीवर नाव कोणाचे?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



दर मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो आणि हे शहर अक्षता टाकते. बाराव्या शतकातील त्या मुलीची आठवण सोलापूरने अशी जपली. पण तिला आपण तिच्या बापाच्या धंद्यावरून ओळखतो. तिचे स्वतःचे नाव आपल्या ओठी नाही.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ सांगतो, की येथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचलेल्या अवशेषांतून तेथे संग्रहालय उभे राहिले. त्यातील सातवाहनकालीन मृण्मय मूर्ती अवश्य पाहाव्यात. पुढचा एक साचा, मागचा एक; त्यांत पांढरी माती दाबायची आणि दोन्ही भाग जोडून पोकळ मूर्ती भाजायची. त्या काळच्या स्त्रियांची केशरचना, दागिने आपल्याला कळतात ते या हातांमुळे. सातवाहन राजांची नावे आपण पाठ करतो. हे हात मात्र अनामिक राहिले.

त्याच तेरचे गोरोबाकाका. चिखल तुडवताना नामस्मरणात मग्न असलेल्या त्यांच्या पायाखाली पोटचे मूल आले, ही कथा आपण भक्तीचा कळस म्हणून ऐकतो. मला तीत कष्टकऱ्याचा संसारही दिसतो. आई पाण्याला गेलेली, घराचे अंगण हाच कारखाना, आणि मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही.

अर्थशास्त्र शिकवताना उत्पादनसाधनांच्या मालकीवर मी पुष्कळ बोललो. पण लहानपणी आमच्या खळ्यावर बलुत्यासाठी उभा असलेला कुंभार मला आठवला तो निवृत्तीनंतर. वर्षभराच्या मडक्यांचा मोबदला सूपभर धान्य, तोही देणाऱ्याच्या मर्जीवर! दालनात ठेवली की माती ‘कला’ होते आणि बाजारात मांडली की ‘मडके’. हा भेद मातीतला नाही, विकत घेणाऱ्याच्या ऐपतीतला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सुचवतो. गावतळ्याच्या गाळावर कुंभाराचा हक्क असावा, असा ग्रामसभेत ठराव मांडा. आणि जुन्या कुंभारांकडून त्यांच्या भट्ट्यांच्या, साच्यांच्या, देवतांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. तेरच्या कारागिराचे नाव आता मिळणार नाही. आजच्या कारागिराचे नाव हरवले, तर तो दोष काळाचा नसेल, आपला असेल.