संकटकाळी घरातील वडीलधारी



जीर्णोद्धाराचे काम म्हटले की घरोघरची यादी आलीच. वळ गावात तशीच आणखी एक यादी असणे अगत्याचे आहे. संकट आल्यास ज्यांना आपल्या पायांनी बाहेर पडता येणार नाही, अशा वृद्धांची ती यादी.

दि. २९ एप्रिल २०२३ रोजी भरदुपारी वळपाड्यातील इमारत कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडे. आठ माणसे प्राणास मुकली. दुसऱ्या दिवशीही ढिगाऱ्याखालून एक इसम जिवंत निघाला. अशा वेळी बचाव पथकाचा पहिला प्रश्न असतो : आत कोण कोण होते? त्याचे उत्तर शेजाऱ्यांनाच द्यावे लागते.

दि. २६ जुलै २००५ चा पाऊसही आठवावा. मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आगगाड्या थांबल्या, टेलिफोन बंद पडले, कामावर गेलेले हजारो लोक रात्रभर वाटेत अडकले. अशा रात्री घरातल्या आजी-आजोबांना मुलापेक्षा शेजारीच जवळचा.

म्हणून यादीत प्रत्येक वृद्धापुढे दोन नावे असावीत, दिवसाही गावात असणाऱ्यांची. भाडेकरूंच्या आईवडिलांना त्यातून वगळू नये. कोणास ऐकू येत नाही, कोणास दिसत नाही, कोण अंथरुणाला खिळले आहे, हेही लिहावे.

घरच्यांनी एक पिशवी भरून ठेवावी : आठवड्याची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, विजेरी, आधारपत्राची प्रत आणि मुलांचे फोन नंबर कागदावर लिहून. चालता न येणाऱ्यास भक्कम खुर्चीत बसवून दोघांनी उचलावे. वाहत्या पाण्यातून वृद्धांना चालवीत नेऊ नये. पाणी चढण्यापूर्वी, उजेड असतानाच हलवावे. मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लावावेत.

पुष्कळ वृद्ध घर सोडायला राजी नसतात. उभा जन्म ज्या उंबऱ्याआड गेला, तो सोडताना जीव तुटतो. त्यांना दरडावू नये. ज्याचे ते ऐकतात त्यानेच हात धरावा, आणि पूर्वी पाणी कुठवर चढले होते हेही त्यांनाच विचारावे. गावाला ते दुसरे कोण सांगणार?

दर वर्षी मृगापूर्वी ही यादी मंदिरात वाचली जावी. गेलेल्यांची नावे कमी करावीत, नव्याने थकलेल्यांची घालावीत. या कामाला वर्गणी लागत नाही. शेजारच्या घरात एकदा डोकावले की पुरे.