एका मताने वाचलेले अध्यक्ष

राष्ट्राध्यक्षाचा मान राखायचा की त्याला पदावरून हटवायचे, या वादात १८६८ साली अमेरिका ढवळून निघाली होती.

अब्राहम लिंकन यांच्या हत्येनंतर उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारे विधेयक त्यांनी नाकारले. काँग्रेसने त्यांचा नकार डावलून कायदा केलाच. पुढे जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना बडतर्फ केले. सिनेटच्या संमतीवाचून मंत्र्याला काढू नये, असा कायदा नुकताच झाला होता. प्रतिनिधिगृहाने लगेच महाभियोग मंजूर केला. स्टँटन मात्र खुर्ची सोडेनात, कचेरीतच मुक्काम ठोकून बसले!

सिनेटमधला खटला पाहायला एवढी झुंबड उडाली, की सज्जाची तिकिटे छापावी लागली. १६ मे रोजी पहिले मतदान झाले. पक्षाघाताने खचलेले सिनेटर ग्राइम्स मतदानासाठी सभागृहात आले. स्वपक्षाचा प्रचंड दबाव असूनही कॅन्ससचे एडमंड रॉस म्हणाले, ‘दोषी नाहीत.’ दोषी ठरवण्याच्या बाजूने ३५, विरुद्ध १९. पदावरून हटवायला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताला एक मत कमी पडले.

माझ्या मते जॉन्सन यांचा खरा अपराध वेगळाच होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना त्यांनी जुन्या मालकांच्या तोंडी दिले. आरोपपत्राचा भर मात्र मंत्र्याच्या बडतर्फीवर होता. तसा कायदाच घटनाबाह्य होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये सांगितले. जॉन्सन १८७५ साली त्याच सिनेटमध्ये सदस्य म्हणून निवडून आले.