तीस वर्षांनंतरचे घर



घर कसे बांधावे यावर बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी या सभेत पुष्कळ असतील. आम्ही वास्तुविशारद नाही, गवंडीही नाही. आमचा अधिकार एवढाच, की १९७८ साली आम्ही याच पुण्यात एक घर बांधले, आजही त्यातच राहतो, आणि बांधताना केलेल्या चुकांची किंमत तेव्हापासून मोजत आलो आहो.

आमचे बालपण वाड्यात गेले. वाडा खणांनी मोजीत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. आतला भार खांब-तुळयांवर असल्यामुळे मधली भिंत घालता येई, काढताही येई. मुलगा कर्ता झाला, दोन खण वेगळे केले. भाऊ परत एकत्र आले, भिंत पाडली. वाड्याचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा विचार नाही. जिना भिंतीच्या पोटातून जाई, अंधारा आणि उभा. दोर धरून चढावे लागे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. मग आम्ही पुणेकर गावाबाहेरच्या सोसायट्यांत पांगलो. येताना वाड्यातला एक गुण तेवढा विसरून आलो: घरातली माणसे बदलतात, हे त्या घराला ठाऊक होते.

आम्ही काय केले ते सांगतो. प्लॉट लहान. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर निजण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर. खाली फक्त एक संडास, तोही जिन्याखाली. आमची पत्नी तेव्हाच म्हणाली होती, "खाली एक निजायची खोली हवी. सासूबाईंचं वय होतंय." आई त्या वेळी ५८ वर्षांची, दिवसातून दहा वेळा जिना चढणारी. आम्ही हसून विषय टाळला. जिन्याच्या पायऱ्याही आठ इंच उंच आणि नऊ इंच रुंद ठेवल्या. जागा वाचली म्हणून स्वतःवर खूष झालो.

किती वाचली, याचा हिशेब आम्ही फार उशिरा केला. दहा फूट चढायचे तर आठ इंचाच्या पंधरा पायऱ्या लागतात. सहा इंचाच्या वीस. त्या अकरा इंच रुंद केल्या तर जिना सुमारे सात फूट अधिक लांब होतो. तीन फूट रुंदीचा जिना धरा, म्हणजे एकवीस चौरस फूट. एका पलंगाला लागते तेवढी जागा!

१९९६ साली आई पडली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण जिना संपला तो संपलाच. तिची खाट बैठकीत आली आणि पुढची दोन वर्षे तिथेच राहिली. संडासाचे दार दोन फुटांचे, उंबऱ्याशी सहा इंचांची पायरी; वॉकर सरळ आत जाईना. अंगोळ स्वयंपाकघराच्या मोरीत, दार लोटून. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तिचे अंथरूण, तिचे औषध, तिचे भांडे. जन्मभर पदर नीट घेऊन वावरलेली बाई ती. तिने तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "निदान एक पडदा लावून दे रे." आम्ही पडदा लावला. पाहुण्यांनी हळूहळू येणे कमी केले.

तेव्हा नकाशा काढण्यापूर्वी, भगिनींनो आणि बंधूंनो, एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचे आजचे वय लिहा आणि पुढे दहा, वीस, तीस वर्षांनंतरचे. स्वतःचेही लिहा; तिथेच हात अडखळतो. मग तो कागद समोर ठेवून आर्किटेक्टशी बोला.

खाली एक खोली असू द्या. आज तिथे मुलांचा अभ्यास होवो, पुस्तके राहोत. तिला लागून न्हाणीघर आणि संडास हवा, दार तीन फुटांचे, उंबरठ्यावाचून. ते दार बाहेर उघडू द्या. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. धरायला कठडा आज नको वाटत असेल, तर भिंत तेवढी भक्कम ठेवा, म्हणजे पुढे तो बसवता येईल. या खोलीला खिडकी दक्षिणेला द्या. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, पुढे थोडा उत्तरेलाही सरकतो. त्यामुळे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात फारशी तापत नाही, आणि थंडीत उतरते ऊन थेट खाटेपर्यंत येते. पश्चिमेची भिंत मात्र संध्याकाळी भट्टी होते. तिकडे जिना घाला, कपाटे घाला.

जिना दर्शनी दाराजवळ असावा. उद्या वरचा मजला मुलाला वेगळा करून द्यायचा, किंवा भाड्याने द्यायचा, तर आपल्या बैठकीतून कोणाला जावे लागू नये. पुढे मजला चढवायचा असेल तर त्याचा भार आजच पायात धरा. गच्चीवर सळया उघड्या सोडून मात्र आशेवर बसू नका. आमच्या सळया पंधरा पावसाळ्यांत गंजल्या आणि मजला काही चढला नाही. नळ भिंतीत गाडू नयेत, हेही जाता जाता सांगतो. फुटल्यावर फरशीसकट भिंत फोडावी लागते.

गेल्या महिन्यात आमचा पुतण्या त्याच्या नव्या घराचा नकाशा घेऊन आला. वय ४१. खाली सगळी जागा गाड्यांना, वर माणसे. आम्ही विचारले, "सत्तराव्या वर्षी तू निजणार कुठे?" तो म्हणाला, "काका, तेव्हा लिफ्ट बसवू की." आम्ही म्हटले, बसव, पण ती कुठे बसेल तेवढा चौकोन आज कागदावर दाखव. त्याने नकाशा बराच वेळ पाहिला, गुंडाळला आणि परत नेला. अजून काही कळवलेले नाही.