अपंगत्व आणि परावलंबन

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरून घरी आलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. उजवा हात लुळा पडला आहे. पण डावा शाबूत आहे, बुद्धीही शाबूत आहे. घरची माणसे प्रेमळ आहेत. कोणी घास भरवतो, कोणी सदऱ्याच्या गुंड्या लावतो, कोणी तोंड पुसतो. सहा महिन्यांनी पाहावे, तर ज्या हाताला काहीच झाले नव्हते तोही मांडीवर स्वस्थ पडलेला! एक हात आजाराने नेला, दुसरा आपल्या मायेने. अपंगत्व हे दुर्दैव खरे. परंतु परावलंबन पुष्कळदा आपणच निर्माण करतो. या दोहोंतील अंतर ओळखून उपाय सुचविणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार होय.

येथे ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ उदरनिर्वाहाचा धंदा एवढाच घ्यावयाचा नाही. स्नान करणे, जेवणे, पत्र लिहिणे, भाजी निवडणे, नातवाला मांडीवर घेणे, ज्या ज्या गोष्टींनी माणसाचा दिवस भरतो, त्या सर्व व्यवसायच होत. आपल्या देशात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते मुंबईस. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची पहिली शाळा काढली. पुढे १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या १० संस्थापक देशांत भारताचीही गणना झाली.

व्यवसायोपचारक रोग्याला प्रथम विचारतो, “तुम्हांला काय करावेसे वाटते?” मग त्या कामाचे तो बारीक बारीक भाग पाडतो आणि अडते कोठे ते पाहतो. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा. उतरवताना चांगला हात आधी मोकळा करावा. ताटाखाली ओला फडका घातला की ताट सरकत नाही. ताटाला उभा काठ असला की भात बाहेर जात नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, तर अशक्त मूठही त्यास धरू शकते. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी, आणि हात सरळ खाली सोडला असता तिची मूठ मनगटाशी यावी. या गोष्टी तज्ज्ञाने एकदा दाखवून द्याव्या लागतात. पण त्यांत खर्चाचे असे फारसे काही नाही.

मोठ्या साधनांनाही हाच न्याय लागू पडतो. साधन कितीही उत्तम असो, ते माणसाच्या राहणीत बसले नाही, तर अडगळीत जाऊन बसते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात हा अनुभव येत होता. पाय गमावलेल्यांना त्या काळी जे कृत्रिम पाऊल मिळे, ते आतून ताठ असून बुटात घालण्यासाठी केलेले असे. आमचा शेतकरी तर अनवाणी चिखलात उतरणार, घरात शिरताना वहाणा बाहेर ठेवणार, जेवावयास मांडी घालून बसणार! कुशल कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे पाऊल सिद्ध केले. त्याला बूट लागत नाही, पाण्याचे भय नाही. ते घालून उकिडवे बसता येते आणि उंचसखल वाटेवर चालताही येते. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने असे पाय गरिबांना विनामूल्य पुरविण्याचे कार्य हाती घेतले. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. कारागिराचा हात आणि वैद्याचे ज्ञान एकत्र आले, आणि दोघांनीही माणसाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिले, हेच या यशाचे रहस्य.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात असे ठरविले. परंतु घरातील उंबरठा कायदा काढू शकत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. पायरीवर नुसती फळी टाकून भागत नाही. एवढे माप जाणणारा गवंडी आणि ते त्याला सांगणारा यजमान, दोघेही हवेत.

श्रोतेहो, एखाद्याचे काम करून देणे सोपे आहे, त्याला ते करू देणे कठीण. आज रात्री पाने मांडल्यावर आपल्या घरातील त्या वृद्धाला भरविण्यासाठी घास उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा. “तुम्हीच घेता का?” असे त्यांना विचारा. थोडा भात सांडेल, अर्धा तास अधिक लागेल. लागू द्या. त्या अर्ध्या तासात ते केवळ जेवत नसतात. घरातील आपले स्थान परत मिळवीत असतात.