धन्यामागे उरलेले शिपाई

चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, परकोटाच्या वेशी आजही उभ्या आहेत. परंतु तेथे कोणी कोणासाठी पहारे केले, हे दगड सांगत नाहीत. १७५१ साली गोंड राजांचे हे ठाणे नागपूरकर भोसल्यांकडे आले. १७५५ साली पहिले रघूजी वारले आणि भाऊबंदकी माजली. चांदा मुधोजींच्या वाट्यास आले. १७७५ साली पाचगावच्या लढाईत त्यांच्याच हातून बंधू साबाजी मारले गेले. जेथे भावावर भरवसा नाही, तेथे राजाला परका शिपाई जवळचा वाटू लागतो. भोसल्यांच्या पदरी असे अरब शिपाई होते.

युरोपातही हेच घडत होते. १६९१ साली लिमरिकचा तह झाला आणि हजारो आयरिश शिपाई मायभूमी सोडून फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत शिरले. १७४५ साली फोंतन्वाच्या रणांगणावर त्यांच्याच पलटणी इंग्रजांवर तुटून पडल्या. त्यांच्या उरात स्वदेशाचे शल्य तरी होते. समुद्रापलीकडून पोटासाठी आलेल्या अरबाचे नागपुरात काय अडले होते?

त्याचे उत्तर १८१७ च्या डिसेंबरात मिळाले. सीताबर्डीची लढाई हरल्यावर १६ तारखेस अप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अरबांनी मात्र शहर सोडले नाही. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. अखेर ते बाहेर पडले, तेव्हा त्यांनी राज्य मागितले नाही. आपला जीव, बायकामुले आणि चीजवस्तू यांची हमी तेवढी घेतली. पोटासाठी आलेल्यांचे बिऱ्हाड केव्हाच येथले झाले होते.

पुढे १८१८ च्या मार्चात अप्पासाहेब कैद झाले. मे महिन्यात कर्नल ॲडम्सने चांद्यास वेढा घातला, तेव्हा किल्लेदार गंगासिंगाला धन्याकडून कुमकेची आशा उरली नव्हती. तरीही तो लढला आणि २० मे रोजी हल्ल्यात पडला.

अशा माणसांना आपण सहज ‘भाडोत्री’ म्हणतो. पगार घेणे हा दोष असेल, तर तो दरबारातील सरदारांचाही होता. राजा शरण गेल्यावरही जो जागचा हलत नाही, त्याचा हिशेब केवळ रुपयांत मांडता येत नाही. चांद्याच्या वेशीतून जाताना, ज्यांची नावे कोणत्याही वंशावळीत नाहीत, अशा या पहारेकऱ्यांचे आपण क्षणभर स्मरण करावे.