मोडेमचा खंड
(अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मी यापूर्वी शेतमालाचे भाव, सहकार, रोजगार हमी अशा विषयांवर बोललो आहे. आज मी बोलणार आहे एका पुस्तकाएवढ्या काळ्या पेटीविषयी. हा प्राध्यापक निवृत्तीनंतर विजेच्या दुकानात बसू लागला की काय, असे कुणाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु मक्तेदारीचा अभ्यास मोठमोठ्या ग्रंथांतून जेवढा होतो, तेवढाच कधी कधी घरात येणाऱ्या बिलावरूनही होतो, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी सहा महिने मी मुलीकडे न्यू जर्सीत होतो. मुलगी आणि जावई दोघेही दिवसभर कामावर. घरी येणाऱ्या कागदांना वाचक मी एकटाच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे बिल वाचताना एका ओळीवर माझी नजर अडली. इंटरनेटचे पैसे निराळे, कर निराळे आणि यंत्राचे भाडे म्हणून महिन्याला १५ डॉलर निराळे. चौकशी केली तेव्हा कळले की टेबलाखाली लुकलुकणारी पेटी, म्हणजे मोडेम, कंपनीच्या मालकीची असून चार वर्षे तिचे भाडे चालू आहे. चार वर्षांचे झाले ७२० डॉलर. तसा नवा मोडेम बाजारात दीडशे ते दोनशे डॉलरना मिळत होता. मी हे रात्री जेवताना सांगितले. जावई म्हणाले, "बाबा, इथे सगळेच देतात."

"सगळेच देतात" हे वाक्य आपण पूर्वी ऐकले आहे. कोकणात आणि देशावर कुळे सावकाराला खंड भरीत असत, तेव्हाही हेच उत्तर मिळे. १९४८ चा मुंबई कूळकायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, तेव्हा कुठे कसणाराच्या नावावर जमीन होण्याचा मार्ग खुला झाला. तुलना ताणू नये, हे मलाही समजते. कुळाच्या घरची चूल विझत होती, माझ्या मुलीची विझत नव्हती. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट समान आहे. वस्तूची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. तरीही पैसे चालू राहतात, कारण वाट अडवून कुणीतरी बसलेला असतो. त्यालाच आपण खंड म्हणतो.

ही वाट अमेरिकेत कशी मोकळी झाली, तो इतिहास मनोरंजक आहे. तेथील बेल टेलिफोन कंपनीचा नियम असा होता की घरातील फोनचे यंत्र कंपनीचेच असले पाहिजे आणि त्याला परकी वस्तू जोडता कामा नये. 'हश-ए-फोन' नावाची एक साधी वाटी होती. फोनच्या तोंडाशी ती बसवली की शेजारच्या माणसाला बोलणे ऐकू जात नसे. एवढ्या वाटीवरही कंपनीने बंदी घातली आणि सरकारी दूरसंचार आयोगाने ती मान्य केली. १९५६ साली न्यायालयाने हा निर्णय फिरवला. त्यानंतर टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी रेडिओवरील संभाषण टेलिफोनला जोडून देणारे यंत्र बनवले. फोनचा रिसीव्हर त्याच्यावर नुसता ठेवायचा, तारेला तार लावायची नाही. कंपनीने त्यालाही हरकत घेतली. ते प्रकरण आयोगापुढे गेले आणि १९६८ साली कार्टर जिंकले. तरी कंपनी म्हणाली, जोडा, पण मध्ये आमचे संरक्षक यंत्र लावा, आणि त्याचे भाडे भरा! १९७५ साली आयोगाने यंत्रांच्या नोंदणीचे नियम केले. तेव्हापासून दुकानातून फोन आणून भिंतीला जोडण्याची मुभा खऱ्या अर्थाने मिळू लागली.

येथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या डाक-तार खात्याचा काळा फोन खात्याच्याच मालकीचा असे. त्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव लावून थांबावे लागे. ग्राहकाकडील यंत्रे बनवण्याची मुभा खासगी कारखान्यांना १९८४ साली मिळाली. मक्तेदारी सरकारी असली की तिला अर्ज करण्याची पद्धत तेवढी वेगळी असते. ग्राहकाला वाट पाहावी लागते ती लागतेच. हे आपण समाजवाद्यांनी त्या वेळी पुरेशा मोकळेपणाने म्हटले नाही, असे मला आज वाटते.

मोडेमकडे वळतो. अमेरिकेत पुष्कळ घरांना टीव्हीच्या जाड गोल केबलमधूनच इंटरनेट मिळते. तिच्यातील लहरींचे संगणकाला कळणाऱ्या संदेशांत आणि उलट रूपांतर करणारी पेटी म्हणजे केबल मोडेम. प्रत्येक कंपनीची पेटी निराळ्या रीतीची असती तर ग्राहकाला ती विकत घेऊन उपयोग झाला नसता. परंतु १९९७ साली केबल कंपन्यांच्याच संशोधनसंस्थेने, केबललॅब्सने, 'डॉक्सिस' नावाचे एक समान मानक प्रसिद्ध केले. आज त्याच्या ३.० आणि ३.१ या आवृत्त्या घरोघरी आहेत. कंपन्यांनी हे परोपकारबुद्धीने केले नाही. अनेक कारखाने एकच वस्तू बनवू लागले की ती स्वस्त पडते, हा त्यांचा हिशेब होता. पण मानक एकदा सर्वांसाठी खुले झाले की त्याचा लाभ कंपनीपुरता राहत नाही. वजनमापांप्रमाणे ते सार्वजनिक होऊन बसते.

आम्ही खरेदीला निघालो तेव्हा प्रथम एकच गोष्ट पाहिली: घरात इंटरनेट खरोखर केबलवरून येते ना? फायबरच्या किंवा टेलिफोनच्या तारेवरून येत असेल तर केबल मोडेम म्हणजे शोभेची वस्तू. मग कंपनीने मान्य केलेल्या मोडेमांची यादी पाहिली. त्या यादीबाहेरचा मोडेम कितीही उत्तम असला तरी कंपनी तो चालू करीलच असे नाही. घरात त्याच केबलवरून टेलिफोनही असेल तर फोनची खोबण असलेला निराळा आणि महाग मोडेम लागतो. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. आणखी एक घोटाळा पुष्कळांचा होतो. भाड्याच्या पेटीत बहुधा मोडेम आणि राउटर दोन्ही असतात. राउटर म्हणजे घरातल्या घरात बिनतारी जोडणी वाटून देणारे यंत्र. नुसता मोडेम आणला तर एकच संगणक तारेने जोडता येतो आणि घरातले बाकीचे फोन मुके बसतात. आम्ही दोन्ही निरनिराळे घेतले. एक बिघडला तर दुसरा फेकावा लागू नये, हा माझा जुन्या पद्धतीचा विचार. दोन्ही मिळून अडीचशे डॉलर पडले, म्हणजे सतरा महिन्यांच्या भाड्याइतके.

बसवण्याचे काम अवघड नाही, त्याला धीर मात्र लागतो. केबलचे टोक मोडेमच्या आट्यांवर हाताने घट्ट फिरवायचे, वीज द्यायची आणि दिवे स्थिर होईपर्यंत थांबायचे. पहिल्या वेळी कधी पंधरा-वीस मिनिटे जातात. त्या अवधीत कंपनीकडून मोडेममध्ये नवी आज्ञावली उतरत असते, त्यामुळे घाईने वीज बंद करू नये. मोडेमच्या खालच्या बाजूस त्याचा ओळखक्रमांक छापलेला असतो. तो कंपनीला कळवला की मोडेम आपल्या खात्यावर नोंदला जातो. आमचा दिवा मात्र अर्धा तास लुकलुकतच राहिला. अखेर जावयांनी भिंतीपासून केबल तपासत आणली, तेव्हा कपाटामागे तिला दोन फाटे फोडणारी एक जुनी डबी निघाली. कधीकाळी टीव्हीसाठी बसवलेली. अशा डबीत लहरींचे बळ निम्मे होते. ती काढून टाकली आणि दिवा स्थिर झाला. मग राउटर जोडला, तरी इंटरनेट येईना. मोडेम पहिल्यांदा जोडलेल्या यंत्रालाच ओळखतो, आणि आम्ही तपासणीसाठी आधी संगणक जोडला होता. मोडेमची वीज बंद करून पुन्हा दिली, तेव्हा त्याने राउटरला ओळखले. एवढ्या ज्ञानासाठी त्या रविवारी आमचे जेवण चार वाजता झाले.

जुनी पेटी मी स्वतः कंपनीच्या दुकानात नेऊन दिली आणि पावती मागून घेतली. मुलगी हसली. पण पुढच्या बिलात ती भाड्याची ओळ होतीच, त्याच्या पुढच्या बिलातही होती. दूरध्वनीवर पाऊण तास संगीत ऐकल्यानंतर एक मुलगी बोलली. पावतीचा क्रमांक सांगितल्यावर तिने पैसे वळते केले. तिचा आवाज दमलेला होता, आणि तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. परत केलेल्या किंवा मुळात न दिलेल्या यंत्राचे भाडे घेणे हा एकट्या आमच्या वाट्याला आलेला प्रकार नव्हता. २०१९ साली अमेरिकन काँग्रेसला त्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि डिसेंबर २०२० पासून तो अमलात आला. जर्मनीत तर वाद याहून तात्त्विक झाला. कंपन्या म्हणत की पेटी आमच्या जाळ्याचाच भाग आहे, म्हणून ती निवडणार आम्ही. कायद्याने ठरवले की जाळे भिंतीतल्या खोबणीपाशी संपते. १ ऑगस्ट २०१६ पासून खोबणीच्या अलीकडचे सारे ग्राहकाच्या इच्छेचे झाले.

आता आपल्यापैकी एखादा तरुण साथी विचारील की समाजवादी माणूस खासगी मालकीचा पुरस्कार कधीपासून करू लागला? माझे उत्तर असे. धोतर, चष्मा, सायकल आणि मोडेम या वापराच्या वस्तू आहेत. त्यांची मालकी दुसऱ्याच्या श्रमावर हक्क सांगत नाही. उलट, त्या दुसऱ्याच्या हाती राहिल्या की आपल्यावर खंड बसतो. मात्र मोडेम घेऊन मक्तेदारी हटते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मोडेम माझा झाला तरी त्याची आज्ञावली कंपनीच बदलते. दर वेळी चालू होताना तो कंपनीकडून एक छोटी धारिका मागून घेतो आणि त्याचा वेग तीच ठरवते. आणि भिंतीबाहेरची तार? ती कंपनीची. अनेक वस्त्यांत अशी वेगवान तार एकच असते.

तारेचा प्रश्न काही ठिकाणी लोकांनी हाती घेतला आहे. टेनेसी राज्यातील चॅटानूगा शहराच्या मालकीच्या वीजमंडळाने स्वतःचे फायबर जाळे टाकले आणि २०१० साली साऱ्या शहराला सेकंदाला एक गिगाबिटची सेवा देऊ केली. शेजारच्या वस्त्यांनीही ती मागितली, तर राज्याचा कायदा आडवा आला. वीजक्षेत्राबाहेर जाण्यास बंदी! केंद्रीय आयोगाने २०१५ साली हा अडथळा दूर करण्याचा प्रयत्न केला. २०१६ साली न्यायालयाने ठरवले की आयोगाला तसा अधिकार नाही. नगरपालिकेने काय करावे आणि काय करू नये हे कोण ठरवतो, याचा विचार आपणही करावा असा हा नमुना आहे.

आपल्याकडे मोबाइलच्या बाबतीत हा प्रश्न सहज सुटला. सिमकार्ड वेगळे आणि फोन वेगळा, त्यामुळे कंपनी बदलली तरी फोन आपलाच राहतो. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचे तसे झाले नाही. कंपनी बदलली की पेटी अडगळीत. ही पेटी कोणत्याही कंपनीबरोबर चालावी अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० साली केली. तिचा पाठपुरावा करण्यात आपल्या ग्राहक कार्यकर्त्यांनी किती शक्ती खर्च केली, हे मी आपल्यालाच विचारतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीच्या इमारतीत एक रखवालदार आहे, इक्वेडोरहून आलेला. तो नऊ वर्षे मोडेमचे भाडे भरत होता. हजार डॉलरच्या वर गेले असतील. त्याला हिशेब कळत नव्हता असे नाही. एकदम दीडशे डॉलर बाजूला काढणे त्याला कधी जमले नाही, आणि पेटी बिघडली तर कंपनी बदलून देते ही निश्चिंती त्याला मोलाची वाटे. तीही खोटी नव्हती. आमचे पाहून त्याने रस्त्यावरच्या विक्रीतून २० डॉलरना जुना मोडेम आणला. कंपनीने तो चालू करण्यास नकार दिला, कारण तो कुणी दुसऱ्या भाडेकरूने परत न केलेला, कंपनीच्याच मालकीचा निघाला. वीस डॉलर बुडाले. आठवडाभर तो गप्प होता. मग मुलीने यादीत बसणारा, कमी वेगाला पुरेसा असा साधा मोडेम सवलतीत ७० डॉलरना घेतला. राउटर जावयांचा जुना पडलेला होता. रखवालदाराने मुलीला महिन्याला १० डॉलर द्यावेत असे ठरले, भिशीसारखे, व्याज नाही. मोडेम बसवायला मी गेलो होतो. फाटे फोडणारी डबी आधी शोधायची, हे मला आता ठाऊक होते. शेवटचा, सातवा हप्ता त्याने मी परत आल्यानंतर दिला, असे मुलीने परवा फोनवर सांगितले.

आता आपले प्रश्न विचारावेत.