हळद, उजेड आणि हट्टी जंतू



वैनगंगेकाठच्या बालाघाटात जखमेवर हळद दाबण्याचा उपाय कोणी कोणास शिकवावा लागत नाही. परंतु हळदीतील करक्युमिन या पिवळ्या द्रव्यावर निळा प्रकाश पडला की ते जंतूंचा काळ ठरते, हे ज्ञान मात्र प्रयोगशाळेचे आहे.

त्याचा उगम १९०० सालचा. म्युनिक येथे ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा एकपेशीय जीवांवरील परिणाम तपासत होता. द्रव्य तेच, प्रमाण तेच. तरी जीव कधी लवकर मरत, कधी उशिरा. फरक होता तो उजेडाचा! रंगद्रव्य प्रकाश शोषून ती ऊर्जा प्राणवायूस देते आणि हा चेतलेला प्राणवायू जंतूचे आवरण, प्रथिने, सारेच पोळत सुटतो. प्रतिजैविक बहुधा एकाच मर्मावर घाव घालते. जंतूने ते मर्म बदलले की औषध वाया. फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात हा इशारा दिला होता. येथे घाव चहूबाजूंनी पडत असल्याने जंतूला प्रतिकार कमावणे जड जाते.

अडचण अशी की, करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीचा डाग धुणाऱ्या गृहिणीस हे वेगळे सांगावयास नको. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण करावे लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. वनस्पतींच्या साह्याने धातूंचे असे कण घडविण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून सोन्या-चांदीचे कण मिळविले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण घडविले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात.

मात्र प्रकाश कातडीखाली फार खोल जात नाही. त्वचा, तोंड, उघडी जखम एवढेच त्याचे क्षेत्र. रक्तात भिनलेल्या संसर्गाला त्याचा उपयोग नाही. स्वयंपाकघरातील हळद फासून उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे, आणि त्या भरवशावर वैद्यकीय सल्ला टाळणे जिवावर बेतू शकते.

ग्रंथालयात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजीबाईच्या बटव्याची साक्ष तेथे चालणारी नव्हती. छापील पुरावा हवा होता. तो निघाला जुन्या संस्कृत ग्रंथांतून आणि १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकातून.